चिखलातली अळी आणि हिमालयावरचा हंस

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यात भिगवण, डिकसळच्या कडेने पाणी पसरले. या पाणपसाऱ्यावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस येतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पक्षी मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेले असतात. धरणाच्या तळाशी, काळ्या चिखलात, बोटाच्या पेराएवढी लालभडक अळी राहते. ही कायरोनॉमस नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीची अळी. एक आकाशातला, दुसरी गाळातली. तरीही रक्ताचा विचार केला, तर या दोघांची अडचण एकच आहे आणि तिच्यावरचा तोडगाही जवळजवळ एकच आहे. तो समजण्यासाठी रक्ताचे काम मुळापासून पाहू.

पेशीला ऑक्सिजन लागतो. अमीबाला तो भोवतालच्या पाण्यातून थेट मिळतो, कारण विसरणाने ऑक्सिजन फार तर मिलिमीटरभर अंतर पुरेशा वेगाने जातो. शरीर याहून जाड झाले की वाहतुकीची सोय करावी लागते. ती सोय प्राण्यांनी निरनिराळ्या प्रकारे केली आहे.

बारामतीच्या उसातला नाकतोडा घ्या. त्याचे रक्त लाल नसते, कारण ते ऑक्सिजन वाहतच नाही. हवा त्याच्या अंगावरील छिद्रांतून शिरते आणि बारीक नलिकांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोचते. रक्ताकडे अन्न व टाकाऊ द्रव्ये वाहण्याचे काम उरते. त्यासाठी खुले रक्ताभिसरण पुरते, म्हणजे रक्त वाहिन्यांत कोंडलेले नसते, अवयवांभोवतीच्या पोकळ्यांत खेळते. ओढ्यातल्या खेकड्याचे रक्ताभिसरणही खुले असते, पण त्याचे रक्त ऑक्सिजन वाहते. त्याच्या रक्तात लोहयुक्त हिमोग्लोबिनऐवजी तांबेयुक्त हिमोसायनिन असते आणि ऑक्सिजन मिळाला की ते निळसर दिसते. गांडुळाचे रक्त मात्र बंद वाहिन्यांतून फिरते. ते लाल असते, पण त्याचे हिमोग्लोबिन पेशींत नसून द्रवातच विरघळलेले असते.

कप्पे किती, हा प्रश्न पुरेसा नाही

मासळीबाजारात गिऱ्हाईक माशाचा कल्ला उचलून तो लाल आहे का ते पाहते. कल्ल्यांत केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. माशाच्या दोन कप्प्यांच्या हृदयातून निघालेले रक्त प्रथम कल्ल्यांत जाते आणि तेथून परस्पर शरीरभर फिरते. कल्ल्यांतून जाताना रक्ताचा दाब उतरतो. पण माशाचे वजन पाणी तोलते आणि त्याचे शरीर साधारणपणे पाण्याइतकेच गार असते. त्याची गरज कमी असल्यामुळे एवढा दाब पुरतो.

बेडकाच्या तीन कप्प्यांच्या हृदयात शुद्ध व अशुद्ध रक्त मिसळते, असे आपण फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी त्याला ‘अपूर्ण’ हृदय म्हणतात. प्रत्यक्षात निलयातील घड्यांमुळे दोन्ही प्रवाह बरेचसे वेगळे राहतात. शिवाय बेडूक ओल्या त्वचेनेही श्वसन करतो. तो पाण्यात बुडी मारून बसला की फुप्फुसांचा उपयोग नसतो. अशा वेळी तो फुप्फुसांकडे जाणारे रक्त कमी करू शकतो. आपल्या चार कप्प्यांच्या हृदयाला ही सोय नाही. प्रत्येक फेरीत सगळे रक्त फुप्फुसांतून जावेच लागते.

घट्ट पकड

आता पुन्हा आपल्या अळीकडे वळू. लिटरभर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तो लिटरला फक्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. तळच्या गाळात कुजण्याच्या क्रियेत तोही संपत येतो. अशा ठिकाणी अळीचे हिमोग्लोबिन ऑक्सिजन फार घट्ट धरते. अगदी थोडा असला तरी तो पकडते आणि काही मिनिटांपुरता साठवूनही ठेवते.

हंसाची अडचण हीच आहे. साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब निम्मा होतो आणि प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच येतो. उपग्रहाशी जोडलेले प्रेषक बसवून केलेल्या नोंदींत पट्टकादंब बहुतेक वेळ या उंचीच्या खालीच आढळले. तरी काहींनी सात हजार मीटरही ओलांडले आहेत. मैदानी भागातल्या कलहंसाच्या हिमोग्लोबिनशी तुलना केली, तर पट्टकादंबाच्या रेणूत मोजकेच फरक सापडतात. त्यातला महत्त्वाचा फरक अल्फा साखळीतील ११९ व्या स्थानावर आहे. तेथे प्रोलीनऐवजी ॲलानीन हे ॲमिनो आम्ल असते. मॅक्स पेरुट्झ यांनी १९८३ साली याचा अर्थ सुचवला. या जागचे प्रोलीन शेजारच्या साखळीला टेकते आणि रेणूला ऑक्सिजन घेण्यास नाखूश अशा स्थितीत धरून ठेवते. तो टेकू गेला की ऑक्सिजन सहज पकडला जातो.

पण घट्ट पकडणारा हात सहजासहजी सोडतही नाही. म्हणून या हंसाच्या उड्डाणाच्या स्नायूंत केशवाहिन्या अधिक दाट असतात. रक्त पेशीच्या अगदी जवळ जाते आणि ऑक्सिजनला थोडेच अंतर काटावे लागते. त्याची फुप्फुसेही मोठी असतात. म्हणजे केवळ एका रेणूचे हे यश नाही, सगळ्या साखळीचे आहे.

आणखी एक गोष्ट. बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकाराच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते, जसे आपल्याही नसते. हंसाच्या तांबड्या पेशीत मात्र ते असते. केंद्रक नसणे ही प्रगतीची खूण मानली, तर हिमालय ओलांडणारा पक्षी चिंकाराच्या खालच्या पायरीवर बसवावा लागेल!

वर्गात काय करता येईल?

गप्पी माशाची मादी ओल्या कापसात गुंडाळावी आणि तिची रंगहीन शेपटी सूक्ष्मदर्शकाच्या कमी वर्धनाखाली ठेवावी. केशवाहिन्यांतून एकेक करून सरकणाऱ्या रक्तपेशी मुलांना स्पष्ट दिसतात. दोन-तीन मिनिटांत मासा पुन्हा पाण्यात सोडावा.

साचलेल्या पाण्याचा गाळ पांढऱ्या ताटलीत पसरून लाल अळ्याही मोजता येतील. पुणे परिसराचे सांडपाणी नदीवाटे उजनीत येते. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो. मासे तडफडतात तेथे ही अळी तग धरते. म्हणून गाळात इतर जीव दिसेनासे होऊन केवळ लाल अळ्याच वाढल्या, तर पाण्याची तब्येत बिघडल्याचे समजावे.

आणि परीक्षेत ‘कोणाचे हृदय श्रेष्ठ?’ असे विचारण्याऐवजी ‘हा प्राणी कोठे राहतो, त्याला ऑक्सिजन किती लागतो आणि तो कोठून मिळतो?’ असे विचारावे. मग कप्पे पाठ करावे लागणार नाहीत, ते का आहेत हे मुलांना कळेल.