‘घरातच राहा’, पण घर कुठाय?

२४ मार्च २०२० रोजी रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी करोना विषाणूमुळे देशभर टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांत ती लागू झाली. २०११च्या जनगणनेनुसार देशात १७ लाखांहून अधिक माणसं बेघर होती. घरातच राहण्याचा आदेश त्यांनी पाळायचा तरी कसा?

मुंबईत उड्डाणपुलाखाली तीन विटांची चूल मांडणाऱ्या बाईचं पोट फुलांच्या माळांवर, लग्नातल्या वाढपावर चालायचं. देवळं बंद, लग्नं बंद. शौचालयाला मात्र रोज सुटे पैसे लागतातच.

सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला निकष शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे एक, वर्षभर चालणारा निवारा असा आहे. त्या हिशेबाने सव्वा कोटीच्या मुंबईला सव्वाशे निवारे हवेत. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. ही उणीव विषाणूने आणलेली नव्हती, ती वर्षानुवर्षांच्या अंदाजपत्रकांतून आली होती.

एप्रिलपासून केंद्राने माणशी ५ किलो मोफत धान्य दिलं, पण ते शिधापत्रिकेवर. पत्ता नसलेल्याला शिधापत्रिका मिळवणं महाकठीण. कार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांसाठी तरतूद झाली ती मे महिन्यात, तीही दोनच महिन्यांची. महाराष्ट्रात राज्य सरकारची सवलतीच्या जेवणाची शिवभोजन थाळी १० रुपयांवरून ५ रुपयांवर आली. तिला कागद लागत नव्हता, म्हणून ती खरोखर उपयोगी पडली.

इंग्लंडने त्याच मार्चमध्ये रस्त्यावर झोपणाऱ्यांना रिकाम्या हॉटेलांत खोल्या दिल्या. काही आठवड्यांत हजारो माणसं छपराखाली आली.