खड्डे, एसयूव्ही आणि सहाशे रुपये

वाहनाच्या वजनानुसार नोंदणी शुल्क घ्यावे का, हा प्रश्न नवी मुंबईत पावसाळ्यात हमखास निघतो. सायन-पनवेल महामार्गावर सानपाडा-तुर्भे पट्ट्यात खड्डे पडले की सोसायटीच्या सभेपासून रिक्षाच्या रांगेपर्यंत एकच विधान ऐकू येते: शहरात मोठ्या गाड्या वाढल्या, त्यांच्या वजनाने रस्ते फुटतात, म्हणून महापालिकेने त्यांच्याकडून जास्त नोंदणी शुल्क घ्यावे आणि त्या पैशातून रस्ते नीट करावेत. या विधानात चार दावे आहेत. त्यांतला पहिला खरा आहे. उरलेले तीन चुकीचे आहेत, आणि त्यांतला वजनाने रस्ते फुटण्याचा दावा इतक्या ठामपणे केला जातो की त्याच्याकडे सविस्तर पाहणे भाग आहे.

मोठ्या गाड्या वाढल्या, यात शंका नाही. वाहन उत्पादकांची संघटना असलेल्या ‘सियाम’च्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी सुमारे ६५ टक्के वाहने एसयूव्ही आणि तत्सम ‘युटिलिटी’ प्रकारातली होती. सानपाड्यातल्या कोणत्याही सेक्टरमधल्या रस्त्यावर रात्री दुतर्फा उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या तरी तेच दिसते.

या गाड्यांच्या वजनाने खड्डे पडतात, हा दावा मात्र अर्धवट वाचलेल्या एका नियमावर उभा आहे. रस्त्याची झीज आणि वजन यांचा संबंध अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ तपासला गेला. १९५८ ते १९६० अशी दोन वर्षे तिथे मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराचे जवान वेगवेगळ्या वजनाचे ट्रक अखंड चालवत होते. त्यातून निघालेला ठोकताळा ‘चौथ्या घाताचा नियम’ म्हणून ओळखला जातो. रस्त्याला होणारी इजा गाडीच्या एकूण वजनावर नव्हे, तर एका अ‍ॅक्सलवर येणाऱ्या भारावर ठरते, आणि तीही साध्या प्रमाणात वाढत नाही. अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला तर इजा सोळापट होते. रस्त्याच्या प्रकारानुसार हा घात थोडा कमी-जास्त होतो, पण रस्ते बांधणीतली गणिते जगभर याच पायावर केली जातात.

आता हे गणित प्रत्यक्ष गाड्यांना लावून पाहू. मारुती अल्टोसारख्या छोट्या गाडीचे वजन सुमारे साडेसातशे किलो, म्हणजे एका अ‍ॅक्सलवर साधारण पावणेचारशे किलो. टोयोटा फॉर्च्युनरसारखी गाडी दोन टनांहून जड असते. तिच्या एका अ‍ॅक्सलवर सुमारे एक टन पन्नास किलो धरता येतील. भार २.८ पट, म्हणून इजा सुमारे ६० पट. हा साठपटीचा आकडा खरा आहे आणि गोंधळाचे मूळही तोच आहे. तो ऐकवणारे हिशेब तिथेच थांबवतात. पुढची पायरी अशी: दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकच्या मागच्या, चार चाकांच्या अ‍ॅक्सलवर कायद्याने साडेअकरा टनांपर्यंत भार चालतो. हा भार एसयूव्हीच्या अ‍ॅक्सलच्या सुमारे अकरापट आहे. इजा किती? चौदा हजार पटींहून अधिक. एसयूव्हीला दोन अ‍ॅक्सल असतात, म्हणजे पूर्ण भरलेल्या एका ट्रकची मागची चाके एकदा जाऊन जे करतात, ते करायला सात हजारांहून अधिक एसयूव्ही लागतील. छोट्या गाडीने होणारी झीज मुळात नगण्य. नगण्याची साठपट करूनही ती या तुलनेत नगण्यच राहते.

शंका असेल त्यांनी इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी ३७’ ही डांबरी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शिका पाहावी. रस्त्याची जाडी ठरवताना त्यावरून किती वाहतूक जाणार हे मोजावे लागते. त्या मोजणीत भारासह तीन टन किंवा अधिक वजनाची व्यापारी वाहनेच धरली जातात. खासगी मोटारी, मग त्या कितीही दणकट असोत, त्या हिशेबात येतच नाहीत. ज्यांचे काम रस्ते बांधण्याचे आहे त्यांनी जी गाडी मोजायचीही तसदी घेतलेली नाही, तिच्या माथी दर जूनमध्ये खड्ड्यांचे खापर फुटते.

सानपाड्याच्या शेजारी तर खरे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. तुर्भ्यात मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे बाजार आहेत. राज्यातून आणि राज्याबाहेरून तिथे ट्रक येतात. उरणकडे न्हावा-शेवाचे बंदर आहे, त्याची कंटेनर वाहतूक आहे. जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला की सेक्टरमधल्या रस्त्यांवर तयार काँक्रीटचे मिक्सर येतात. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २.४ टन असते, त्यामुळे सहा घनमीटर घेऊन आलेल्या मिक्सरच्या पोटातच चौदा टनांहून जास्त माल असतो, गाडीचे वजन वेगळे. शिवाय पाण्याचे टँकर आहेत, कचऱ्याचे कॉम्पॅक्टर आहेत. आतले रस्ते महामार्गाइतके जाड नसतात, त्यामुळे असल्या एका फेरीचा परिणाम तिथे जास्त जाणवतो.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली, तेव्हा या विषयावर फारशी ओरड झाली नव्हती. चार चाकांच्या एका अ‍ॅक्सलसाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ दिसायला तेरा टक्क्यांची आहे, पण चौथ्या घाताने त्या अ‍ॅक्सलची इजा सुमारे ६२ टक्क्यांनी वाढते. जादा माल भरला तर गणित आणखी बिघडते: मर्यादेपेक्षा वीस टक्के भार जास्त असेल तर इजा दुपटीहून अधिक होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये अशी तरतूद आहे. रस्ते वाचवायचे असतील तर हे कलम आणि वजनकाटे कामाचे आहेत.

वजनाखेरीज खड्ड्यांचा दुसरा मोठा कर्ता पाणी आहे. इथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाणी डांबर आणि खडी यांच्यामध्ये शिरते, खडीवरचे डांबर सुटते आणि वरून जाणारे प्रत्येक चाक सुटी झालेली खडी बाहेर फेकते. खडी सुटल्यानंतर खड्डा मोठा करायला दुचाकीही पुरते. म्हणून गाडी गेली आणि खड्डा झाला, असे डोळ्यांना दिसते. केबल आणि जलवाहिन्यांसाठी खोदलेले, वरवर बुजवलेले चर पाण्याला वाट करून देतात. तुंबलेली गटारे आणि धड न बुजवलेले चर यांच्याकडून नोंदणी शुल्क घेता येत नाही, ही या मागणीची मोठीच अडचण आहे.

महापालिका नोंदणी शुल्क वाढवू शकते, हा पुढचा गैरसमज. महापालिकेचा या शुल्काशी काहीही संबंध नाही. गाडीवर ‘एमएच-४३’ लागते ते वाशीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून, आणि ते कार्यालय राज्याच्या परिवहन विभागाचे आहे. नोंदणी शुल्काचा आकडा त्या कार्यालयाच्याही हातात नाही. तो १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ८१ ने ठरतो. डिसेंबर २०१६ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार खासगी वापराच्या हलक्या मोटार वाहनाला ६०० रुपये लागतात. कायद्याच्या लेखी साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहन हलकेच, त्यामुळे अल्टोलाही सहाशे आणि फॉर्च्युनरलाही सहाशे. पन्नास लाखांच्या गाडीपुढे ही रक्कम इतकी किरकोळ आहे की ती दुप्पट केली काय किंवा दसपट, खरेदीदाराच्या निर्णयावर काडीचाही परिणाम होणार नाही.

गाडी घेताना खिशाला जाणवते ती रक्कम वेगळी असते: १९५८ च्या महाराष्ट्र मोटार वाहन कर कायद्याखालचा एकरकमी कर. वाहनांवरचा कर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीत आहे, म्हणजे तो राज्याचा अधिकार. महाराष्ट्रात हा कर किंमत आणि इंधन पाहून ठरतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५ टक्के. मोठी गाडी जास्त कर भरते ती महाग असते म्हणून, जड असते म्हणून नव्हे. ‘जीएसटी’चेही तसेच. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के दर आहे, पण छोटी-मोठी ठरते ती लांबी आणि इंजिनाची क्षमता यांवरून. वजनाचा विचार होत होता तो मालवाहू वाहनांच्या राज्य करात. आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोपर्यंतची हलकी मालवाहने त्यातूनही काढून किमतीच्या ७ टक्के कराखाली आणली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीसह मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवरचा पथकर हलक्या वाहनांना माफ झाला, तेव्हाही आठशे किलोची मोटार आणि अडीच टनांची मोटार एकाच ओळीत बसल्या.

उरला पैशाचा दावा. ‘रोड टॅक्स’ भरला म्हणजे घरासमोरच्या रस्त्याचे पैसे चुकते झाले, असे धरले जाते. हा कर राज्याच्या तिजोरीत जातो. सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे, तर सेक्टरमधले रस्ते महापालिका मालमत्ता कर आणि शासनाकडून मिळणारे अनुदान यांसारख्या उत्पन्नातून सांभाळते. वाशीत भरलेला कर सानपाड्याच्या खड्ड्यापर्यंत थेट पोहोचेल, अशी कोणतीही नळी नाही.

इथपर्यंत वाचून मोटारीच्या वजनाला काहीच महत्त्व नाही असे कोणी ठरवेल, तर तो नवा गैरसमज होईल. महत्त्व आहे, पण ते डांबरासाठी नाही, गाडीबाहेरच्या माणसांसाठी आहे. त्याच वेगातल्या दुप्पट वजनाच्या गाडीत दुप्पट ऊर्जा असते, आणि जड गाड्या बहुधा उंचही असतात. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच असते, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के आणि पायी चालणारी १९.५ टक्के होती. म्हणजे मरणाऱ्यांत बहुसंख्य लोक कोणत्याही मोटारीच्या आत नव्हतेच. ‘वजनदार गाडी सुरक्षित’ हे वाक्य शोरूममध्ये बोलले जाते तेव्हा त्यात या लोकांचा हिशेब नसतो.

मोठ्या गाड्या जास्त जागा अडवतात, हा मुद्दाही खराच आहे. अल्टो सुमारे सव्वापाच चौरस मीटर जागा अडवते, फॉर्च्युनर नऊ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास सत्तर टक्के जास्त.

वजनावर पैसे घेणे ही जगात काही नवलाई नाही. जपानमध्ये वाहनांचा वजन-कर १९७१ पासून आहे. फ्रान्सने २०२२ पासून खरेदीच्या वेळी ठरावीक वजनापुढच्या प्रत्येक किलोवर आकारणी सुरू केली. नॉर्वे २०२३ पासून विजेच्या गाड्यांनाही ५०० किलोंपुढे किलोमागे कर लावतो. वॉशिंग्टन शहरात सहा हजार पौंडांहून, म्हणजे सुमारे २,७०० किलोंहून जड खासगी गाडीला वर्षाला ५०० डॉलर नोंदणी शुल्क आहे. हेच उदाहरण नवी मुंबईसाठी हमखास दिले जाते, पण ते शहर कोणत्याही राज्यात येत नाही आणि वाहन नोंदणी स्वतः करते. सानपाड्याला तो मार्ग उपलब्ध नाही.

विजेच्या गाड्यांबद्दल दोन्ही बाजूंनी बरेच बोलले जाते. बॅटरीमुळे त्या त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असतात, हे खरे. त्यामुळे रस्ते खचतील, हे वर दिलेल्या हिशेबानेच खोटे. ऑगस्ट २०२१ पासून त्यांना नोंदणी शुल्क माफ आहे, त्यामुळे त्या शुल्कात वजनाची पायरी आणली तरी ही माफी उठेपर्यंत ती त्यांना लागणारच नाही.

वजन मोजायला नवी यंत्रणा उभारावी लागेल, हेही चूक. रिकाम्या गाडीचे वजन नोंदणी पुस्तकात लिहिलेलेच असते. छोट्या व्यापाऱ्याचा टेम्पो यात भरडला जाईल ही भीतीही अनाठायी, कारण मालवाहू वाहनांची करआकारणी खासगी मोटारींपेक्षा वेगळी आहे.

एकट्या शहराने नोंदणी महाग केली तर लोक मुकाट्याने भरतील, हे तर मुळीच संभवत नाही. सानपाड्यातला खरेदीदार पनवेलचा ‘एमएच-४६’ किंवा ठाण्याचा ‘एमएच-०४’ क्रमांक शोधेल, आणि महागड्या गाड्या कर कमी असलेल्या प्रदेशात नोंदवण्याचे प्रकार देशाला ठाऊक आहेत. म्हणून वजनाचा घटक आणायचाच तर तो राज्याच्या मोटार वाहन करात आणावा लागेल. शहराच्या हाती पार्किंगचा दर राहतो. पॅरिसमध्ये जड गाड्यांचा पार्किंग दर वाढवावा का, यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान झाले; मतदानाला सहा टक्केही लोक आले नाहीत, आलेल्यांपैकी सुमारे ५४.५ टक्क्यांनी होकार दिला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या मध्यवर्ती भागात १.६ टनांहून जड इंधनाच्या आणि दोन टनांहून जड विजेच्या गाडीला तासाला १८ युरो, म्हणजे नेहमीच्या तिप्पट, मोजावे लागतात. स्थानिक रहिवाशांना त्यांच्या भागात यातून सूट आहे. गाडीची नोंदणी कोणत्या शहरात झाली, हे त्या दरासाठी पाहिले जात नाही.