पाण्याचं कुंपण

मलाक्काच्या सामुद्रधुनीतून सिंगापूरला पोचलेल्या शिडाच्या बोटीवर कुणाचीच झोप पुरी झालेली नसते. एका बाजूला मालवाहू जहाजांची रांग, दुसऱ्या बाजूला अंधारात अचानक समोर येणाऱ्या मच्छीमार होड्या, आणि पहाटेच्या सुमाराला ‘सुमात्रा’ नावाचं वादळ. धक्क्याला लागल्यावर पहिला दिवस कागदपत्रं, डिझेल, पाणी नि धुण्यात जातो. मोकळा दिवस मिळाला की शॉपिंग मॉलच्या वाटेला न जाता उत्तरेला मंडाईच्या प्राणिसंग्रहालयात जावं. समुद्रावरच्या माणसाला तिथली करामत चटकन कळते, कारण ती बहुतांशी पाण्याची आहे.

अप्पर सेलेटार जलाशयाच्या काठावरचं हे प्राणिसंग्रहालय २७ जून १९७३ रोजी उघडलं. कल्पना ओंग स्वी लॉ यांची. ते पाणी-वीज-गॅस सांभाळणाऱ्या सरकारी मंडळाचे अध्यक्ष होते आणि जलाशयाभोवतीचं रान त्यांच्याच ताब्यात होतं. ब्रिटिश फौजा सिंगापूर सोडून निघाल्या तेव्हा गोऱ्या कुटुंबांनी मागे ठेवलेले पाळीव प्राणीही या मंडळाच्या गळ्यात पडले होते. आराखड्यासाठी कोलंबोच्या देहिवला प्राणिसंग्रहालयाचे लिन डी अल्विस आले. गज लावायचे नाहीत, हे ठरलं. त्याऐवजी खंदक, ओढे, काचा, आणि या सगळ्यावर दाट झाडी. मधे अडथळा आहे, पण पाहणाऱ्याच्या नजरेला तो सापडत नाही.

यामागे प्रत्येक जनावराचा अभ्यास आहे. ओरांगउटानला पोहता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी बेताचा खंदक पुरतो. वर झाडं नि दोर, आणि तो डोक्यावरून निघून जातो. लांब नाकाचं बोर्निओचं माकड मात्र पट्टीचं पोहणारं, त्याला पाण्याचा धाक नाही. वाघ किती लांब उडी घेईल यावर त्याच्या खंदकाची रुंदी ठरते. सुरुवातीला हे हिशेब चुकलेही. उद्घाटनाआधीच एक काळा बिबट्या पळाला. १९७४ मध्ये काँगो नावाचा पाणघोडा निसटून थेट जलाशयात उतरला आणि ४७ दिवस तिथेच राहिला. पाणघोड्याला पाण्याचं कुंपण घालणाऱ्यांनी आणखी काय अपेक्षा केली होती, कोण जाणे!

इथली सर्वांत प्रसिद्ध रहिवासी आह मेंग. कुणीतरी बेकायदा पाळलेली ही सुमात्राची ओरांगउटान मादी १९७१ मध्ये सोडवून आणली गेली. पाहुण्यांनी तिच्यासोबत न्याहारी करायची, असा कार्यक्रम पुढे सुरू झाला. २००८ मध्ये ती गेली तेव्हा तिला निरोप द्यायला हजारो माणसं जमली. तिच्याविषयीचं प्रेम खरं होतं. पण फोटोसाठी वानराच्या खांद्यावर हात टाकायची ती हौस आज खटकते.

त्याहून जास्त खटकतो इनुका. २६ डिसेंबर १९९० रोजी जन्मलेलं हे ध्रुवीय अस्वल, उष्ण कटिबंधात जन्मलेलं आपल्या जातीतलं पहिलं. २००४ मध्ये तो आणि त्याची आई शीबा चक्क हिरवे दिसू लागले: त्यांच्या पोकळ केसांत शेवाळ वाढलं होतं. २०१३ मध्ये त्याला गारेगार नवं घर मिळालं. म्हातारपणाच्या दुखण्यांनी बेजार झाल्यावर २५ एप्रिल २०१८ रोजी त्याला शांतपणे मरण देण्यात आलं. पुन्हा ध्रुवीय अस्वल आणायचं नाही, हा निर्णय व्यवस्थापनाने आधीच घेतला होता. राणीच्या बागेत वातानुकूलित काचेमागचे हम्बोल्ट पेंग्विन पाहायला रांगा लावणाऱ्या आपण मुंबईकरांनी हा निर्णय नीट समजून घ्यावा. गज काढले म्हणजे प्राण्याचं भलं झालं असं नाही. मुळात त्या हवेत त्याने यावं का, हा प्रश्न पहिला.

अंधार पडला की शेजारची नाइट सफारी सुरू होते. निशाचर प्राण्यांसाठीच बांधलेलं जगातलं हे पहिलं प्राणिसंग्रहालय, १९९४ चं. प्रकाशयोजना सायमन कॉर्डर या ब्रिटिश रंगमंचावरच्या प्रकाशयोजनाकाराची. चांदण्यासारख्या त्या उजेडात दिव्याचा खांब दिसत नाही, फक्त जनावर दिसतं. बोटीवर रात्रीची पाळी केलेल्यांना अंधारात पाहायची सवय असते, म्हणून ट्रॅममधल्या इतरांपेक्षा त्यांना कदाचित जास्त दिसेल. इथे आशियाई सिंह आणि एकशिंगी गेंडाही आहे. पांडा वेगळ्या उद्यानात, पक्षी २०२३ पासून आणखी वेगळ्या. एका दिवसात सगळं करायला जाल तर तिकिटांचे पैसे नि पाय दोन्ही जातील.

नांगरलेल्या जहाजांवरून लाँचने येणारे आपले कोकणातले खलाशी मरिना साउथ पिअरला उतरतात. तिथूनच मेट्रोची लाल लाइन सुटते आणि गाडी न बदलता खातिबला पोचते; पुढे मंडाईची बस. परतताना न्यूटनला गाडी बदला. लिटल इंडिया पुढचंच स्टेशन आहे, आणि तिथे वरणभात नाही तरी सांबारभात नक्की मिळतो.