ओपनकनेक्ट : टर्मिनलवरचं व्हीपीएन

ऑफिसच्या बंदिस्त नेटवर्कमध्ये घरून शिरायचं तर व्हीपीएन लागतं. सिस्कोच्या एनीकनेक्ट सर्व्हरशी बोलणारा ओपनकनेक्ट हा मुक्त प्रोग्राम लिनक्सच्या टर्मिनलवरून चालतो. बहुतेक वितरणांत तो तयार मिळतो. नवीच आवृत्ती हवी असेल तर सोर्स कोड उतरवून घ्या. आधी 'कॉन्फिगर', मग 'मेक', शेवटी 'मेक इन्स्टॉल'.

घोडं अडतं ते पहिल्याच पायरीवर. जीएनयूटीएलएस (किंवा ओपनएसएसएल) आणि लिबएक्सएमएल२ यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस नसतील किंवा 'व्हीपीएनसी-स्क्रिप्ट' नसेल, तर बांधणी पुढे सरकत नाही. ही स्क्रिप्ट किरकोळ समजू नका. ओपनकनेक्ट फक्त बोगदा खणतो. कोणती वाहतूक त्यातून जाईल आणि डीएनएस कोणता वापरायचा, हे स्क्रिप्ट लावून देते. नेटवर्कच्या मांडणीत असा हात घालायचा, म्हणून 'सुडो' लागतं.

जोडताना सर्टिफिकेटबद्दल इशारा आला, तर डोळे झाकून 'येस' टाइप करू नका. त्याचा फिंगरप्रिंट ऑफिसच्या आयटी विभागाकडून पडताळून घ्या. मला हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते.

काम संपलं की कंट्रोल-सी दाबा. 'किल -९' वापरलंत, तर स्क्रिप्टला आवराआवर करायला वेळच मिळत नाही, आणि डीएनएस जुन्या जागी न परतल्याने इंटरनेट बंद पडल्यासारखं वाटू शकतं.