चेता ऊतीची रचना व कार्य : कुष्ठरोगाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

मानवी शरीरातील ऊतींचे अभिस्तर, संयोजी, स्नायू व चेता असे चार मुख्य प्रकार मानले जातात. यांपैकी चेता ऊतीचे अध्यापन बहुधा चेतापेशीची आकृती काढून व तिच्या भागांना नावे देऊन पूर्ण होते. अक्षतंतूभोवतीचे आवरण हे त्या आकृतीतील केवळ एक नाव ठरते. प्रस्तुत लेखात याच आवरणाकडे लक्ष वेधावयाचे आहे. चेता ऊतीचे कार्य हे एकट्या चेतापेशीचे नसून चेतापेशी व तिचा सांभाळ करणाऱ्या पेशी यांचे संयुक्त कार्य होय. कुष्ठरोगाच्या उदाहरणावरून ही बाब विशेष स्पष्ट होते.

चेता ऊतीची रचना :

चेतापेशीचे तीन भाग असतात. केंद्रक असलेली पेशीकाया, संदेश ग्रहण करणाऱ्या आखूड व शाखायुक्त वृक्षिका आणि संदेश पुढे नेणारा लांब अक्षतंतू. मेरुरज्जूपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या अक्षतंतूची लांबी सुमारे एक मीटर भरते. त्याची जाडी मात्र मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकीच असते. एवढ्या लांब व नाजूक तंतूचे रक्षण व पोषण पेशीकाया एकटी करू शकत नाही. हे काम ग्लिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहायक पेशींच्या साहाय्याने होते.

या सहायक पेशी चेतापेशींच्या दहापट असतात, असे पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. तथापि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी व जवळपास तितक्याच अन्य पेशी असतात. मेंदू व मेरुरज्जूच्या बाहेर, म्हणजे परिघीय चेतांमध्ये, आवरणाचे काम श्वान पेशी करतात. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञावरून त्यांना हे नाव मिळाले. काही श्वान पेशी अक्षतंतूभोवती अनेक वेढे घेऊन मायलिन हे मेदयुक्त आवरण तयार करतात, तर काही पेशी अनेक बारीक तंतूंना मायलिनविना केवळ कुशीत घेतात.

कार्य :

विश्रांत अवस्थेत चेतापेशीचा अंतर्भाग बाह्यभागाच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. पुरेशी चेतना मिळताच सोडिअमचे आयन आत शिरतात व ही स्थिती क्षणभर उलटते. त्यानंतर पोटॅशिअमचे आयन बाहेर पडून ती पूर्ववत होते. हा बदल तंतूवरून पुढे सरकतो, त्यालाच आवेग म्हणतात. मायलिनयुक्त तंतूत आवेग आवरणांमधील सूक्ष्म खंडांवरून जणू उड्या घेत जातो. त्यामुळे जाड मायलिनयुक्त तंतूत त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरहून अधिक असू शकतो, तर मायलिनविरहित तंतूत तो साधारणतः ०.५ ते २ मीटर असतो. तंतूच्या टोकाशी रासायनिक द्रव्ये स्रवतात व संपर्कस्थानातील सूक्ष्म पोकळी ओलांडून संदेश पुढील पेशीस मिळतो.

आवरणावरील आघात :

१८७३ मध्ये नॉर्वेतील हॅन्सन यांनी शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू श्वान पेशीत शिरून तेथेच वाढतो. त्याला थंड ऊती मानवतात. म्हणूनच त्वचेतील बारीक तंतू आणि कोपराजवळून त्वचेलगत जाणारी चेता यांवर त्याचा आघात प्रामुख्याने होतो. जंतूविरुद्ध शरीराची प्रतिकारक्रिया सुरू झाली की चेता सुजते. परंतु तिच्या भोवतीचे वेष्टन फारसे ताणले जात नसल्याने आतील तंतू दाबले जातात. परिणामी उष्णता, वेदना व स्पर्श यांची जाणीव नाहीशी होते. कोपराजवळील चेता निकामी झाल्यास बोटे वाकडी होतात.

बोटे झडतात ती रोगाने मांस सडल्यामुळे, असा समज समाजात दीर्घकाळ रूढ होता. वेल्लोर येथे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या कार्यातून वेगळे चित्र पुढे आले. वेदनेचा संदेश पोहोचत नसल्याने रुग्णाला चटका, जखम वा टोचणारा खडा कळत नाही; न कळलेल्या जखमा चिघळतात व हात-पाय झिजत जातात. तात्पर्य, विद्रूपतेचे मूळ बव्हंशी बधिरतेत आहे. वेदना ही चेता ऊतीने शरीरास दिलेली राखणदारी होय.

तुटलेला परिघीय तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो, कारण श्वान पेशी त्यास वाट करून देतात. परंतु ही वाटच व्रणऊतीने बुजली, तर गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. बहुविध औषधोपचाराने, ज्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली, जंतू नष्ट होतो; नष्ट झालेली चेता मात्र पुन्हा निर्माण होत नाही. म्हणून लवकर निदानाला पर्याय नाही.

समारोप :

बाबा आमटे यांच्या आनंदवनामुळे मराठी समाजास कुष्ठरोगाचा सामाजिक प्रश्न परिचित आहे. २०१९ च्या कायदेदुरुस्तीने कुष्ठरोग हा घटस्फोटाचा आधार म्हणून वगळण्यात आला. कायदा बदलला तरी भय ज्ञानानेच दूर होते, आणि या ज्ञानाचा एक भाग आपल्या नेहमीच्या पाठात आहे. चेतापेशीची आकृती काढताना श्वान पेशीपाशी थोडे थांबून, त्वचेवरील फिकट वा लालसर बधिर चट्टा दुखत नाही म्हणून दुर्लक्षू नये, एवढे जरी प्राध्यापकाने सांगितले, तरी एखाद्या विद्यार्थ्याचा किंवा त्याच्या घरातील कोणाचा हात वाचू शकेल.