प्रश्न आधी, उतारा नंतर

१९७८ साली चीनच्या च्यांग्सू प्रांतातल्या खेड्यातला यू मिनहोंग हा मुलगा विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेला बसला. इंग्रजीत त्याला ३३ गुण पडले आणि वर्ष फुकट गेलं. पुढचंही गेलं. १९८० मध्ये तिसऱ्या खेपेला मात्र तो थेट पेकिंग विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात जाऊन बसला. पुढे १९९३ मध्ये त्याने ‘न्यू ओरिएंटल’ नावाचे इंग्रजीचे क्लास काढले आणि ते देशभर पसरले. ज्या विषयाने दोनदा आपटलं त्याच विषयावर माणसाने घर बांधलं, असं म्हणता येईल. पण ते घर उभं राहू शकलं याचं कारण त्या परीक्षेत आहे.

चीनमध्ये तिला ‘गाओकाओ’ म्हणतात. सांस्कृतिक क्रांतीत १९६६ पासून ती बंद पडली होती. डिसेंबर १९७७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा दहा वर्षांचा साचलेला लोंढा आला. सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि जागा मिळाल्या तीन लाखांहूनही कमी जणांना. परकीय भाषेचा पेपर त्या वर्षी फक्त भाषाच शिकायला निघालेल्यांसाठी होता. बाकीच्यांना इंग्रजी विचारणार कोण आणि शिकवलं होतं तरी कोणी? पन्नाशीच्या दशकात शाळांत रशियनचा जोर होता आणि सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात शाळाच धड चालल्या नव्हत्या. म्हणून सरकारने इंग्रजीचं वजन हप्त्याहप्त्याने वाढवलं. १९८० ला पेपरातले ३० टक्के गुण धरायचे, १९८१ ला ५०, १९८२ ला ७० आणि १९८३ ला पूर्ण. औषधाची मात्रा वाढवत न्यावी तसं.

त्या काळच्या इंग्रजीच्या तासाला उतारा वाचला जात नसे, सोलला जाई. एका परिच्छेदावर दोन-दोन दिवस. प्रत्येक क्रियापदाचा काळ, प्रत्येक शब्दाचा चिनी अर्थ, मग भाषांतर. आपल्याकडे तर्खडकरी पद्धतीने शिकलेल्या पिढीला हे चित्र परकं वाटणार नाही. व्याकरण पक्कं व्हायचं, पण वर्तमानपत्राचं पान समोर आलं की घाम फुटायचा.

वळण आलं १९८५ मध्ये, दक्षिणेकडच्या ग्वांगडोंग प्रांतात. ग्वांगजौच्या परकीय भाषा संस्थेतल्या ग्वेई शिचुन आणि ली श्याओच्यू यांनी तिथे नव्या धर्तीच्या पेपराचा प्रयोग मांडला. बहुपर्यायी प्रश्न, यंत्राने तपासणी आणि उताऱ्यांना भरघोस गुण. शाळा परीक्षेच्या मागे धावणारच आहेत, तर परीक्षाच अशी काढू की धावता धावता त्या वाचायला लागतील, असा या मंडळींचा हिशेब होता. भाषेचे नियम कळतात का, यापेक्षा भाषा वापरता येते का, हे बघायचं. प्रयोग पुढे देशभर गेला.

मला हा हिशेब अर्धा बरोबर आणि अर्धा भाबडा वाटतो. उतारे खरोखर बदलले. एकूण १५० गुणांचा, दोन तासांचा पेपर. त्यात वाचनाचे चार उतारे, आणि पुढे त्यांना जोडून एक गाळलेल्या वाक्यांचा उतारा आला. सात वाक्यं दिलेली, पाच जागा रिकाम्या. पहिला उतारा बहुधा कामाचा कागद असतो, म्हणजे माहितीपत्रक किंवा जाहिरात. २०१८ ला वॉशिंग्टनमधल्या सायकल सहली होत्या, २०२३ ला ॲम्स्टरडॅममधली भाड्याची सायकल. २०२२ ला इंग्लंडमधल्या वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांनी पाळलेल्या कोंबड्या आल्या. कान्सू प्रांतातल्या डोंगरातल्या मुलाला ॲम्स्टरडॅमशी काय देणंघेणं, हा प्रश्न रास्त आहे. पण क्रियापदांच्या काळांच्या रांगेपेक्षा कोंबड्या कधीही बऱ्या.

भाबडेपणा इथे होता की शाळा वाचायला लागतील. शाळा उत्तरं शोधायला लागल्या. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. प्रश्नातल्या शब्दावर रेघ मारा आणि तोच शब्द उताऱ्यात हुडका. पर्यायात उताऱ्यातलाच शब्द जसाच्या तसा दिसला तर सावध व्हा, तो गळ असू शकतो. त्याच अर्थाचा वेगळा शब्द असेल तिकडे जा. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ असे ठाम शब्द असलेल्या पर्यायावर भरवसा ठेवू नका. साधारण ३५०० शब्दांची यादी पाठ, आणि अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून ताडण्याचाही वेगळा सराव. आपल्याकडे ‘२१ अपेक्षित’ आहे, तर तिकडे ‘पाच वर्षं गाओकाओ, तीन वर्षं सराव’ नावाचे जाडजूड संच आहेत. मुलं त्यांना लाडाने नुसतं ‘पाच-तीन’ म्हणतात. २००५ मध्ये छी लूश्या या संशोधिकेने हेच दाखवून दिलं, की पेपर काढणाऱ्यांच्या मनात भाषेचा वापर होता आणि वर्गात घोटून घेतला जात होता तो पेपर. आणि ज्यांना हेही झेपत नाही, त्यांतली काही मुलं परकीय भाषा म्हणून चक्क जपानी घेतात. नियमात बसतं, चिनी चित्राक्षरं ओळखीची असतात आणि गुण पडतात!

२०१६ मध्ये झेजियांग प्रांताने पुढची चाल खेळली. सुमारे साडेतीनशे शब्दांची अर्धवट गोष्ट वाचायची आणि दीडशेक शब्दांत ती पुढे न्यायची. दोन परिच्छेदांची फक्त सुरुवातीची वाक्यं दिलेली. २५ गुण. मला स्वतःला या सगळ्या वाटचालीतला हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न वाटतो. इथे शब्द हुडकून भागत नाही. गोष्टीतली माणसं कळावी लागतात. २०२२ च्या पेपरात डेव्हिड नावाचा दिव्यांग मुलगा होता. शर्यतीच्या दिवशी तो कुंपणाशी एकटाच उभा राहून शिक्षिकेला सांगतो की मी धावणार नाही. दुसऱ्या परिच्छेदाच्या दिलेल्या वाक्यात तो आरंभरेषेवर येतो. मधे काय घडलं, ते मुलांनी लिहायचं.

क्लासवाल्यांनी त्यावरही औषध काढलंच. रडण्याची वाक्यं, उन्हाच्या तिरिपेची वाक्यं, छाती धडधडण्याची वाक्यं, सगळी पाठ करून ठेवायची आणि गोष्ट कुठलीही असो, चिकटवायची.

झेजियांगची दुसरी आठवण कडवट आहे. नोव्हेंबर २०१८ च्या इंग्रजीच्या पेपरात काही प्रश्न जड गेले म्हणून अधिकाऱ्यांनी गुणांना मनाजोगं वजन दिलं. पालक खवळले, चौकशी बसली आणि डिसेंबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. एका गुणावर शेकडोंचा क्रम हलतो, तिथे माणसं आणखी काय करणार? त्याआधी २०१३ मध्ये बीजिंगने इंग्रजीचे गुण १५० वरून १०० वर आणण्याचा प्रस्ताव मांडला होता. गाजला खूप, पण पेपर १५० चाच राहिला.

२०२१ मध्ये सरकारने खाजगी शिकवण्यांवर टाच आणली. न्यू ओरिएंटलला शाळकरी मुलांचे वर्ग गुंडाळावे लागले, आणि पुढच्याच वर्षी तिथले इंग्रजीचे शिक्षक मोबाइलच्या पडद्यावरून मका आणि मांस विकताना दिसू लागले. विकता विकता त्यांचे इंग्रजी शब्दही शिकवत होते.

२०२४ ला या परीक्षेसाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी नावं नोंदवली. त्या वर्षीच्या एका राष्ट्रीय पेपरात तिसरा उतारा वाचनावरच होता. पडद्यावर वाचताना मन वरवर सरकत राहतं, कागदावर वाचलेलं अधिक उमगतं, असा त्याचा आशय. उतारा अर्थातच कागदावर छापलेला होता. खाली चार प्रश्न होते, आणि बहुतेकांनी ते आधी वाचले असतील.