पोटाचे दुखणे आणि घराण्याचा वारसा

पोट बिघडले की आपण ताटाकडे बोट दाखवितो. परंतु क्वचित काही घराण्यांत दोष अन्नाचा नसून रक्तातून आलेला असतो. पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावरील पोव्होआ द व्हार्झीम येथील कोळी कुटुंबांत कोरिनो आंद्राद या डॉक्टरांना असा रोग आढळला. १९५२ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

या रोगात यकृतात मुख्यतः तयार होणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन सदोष घडते. त्याचे सूक्ष्म तंतू, म्हणजेच अमिलॉइड, मज्जातंतूंत व आतड्याच्या भिंतींत साचतात. आतड्यांची हालचाल मज्जातंतूंच्या हुकमाने चालते. तो हुकूम विस्कळीत झाला की जठरात अन्न तुंबते, चार घासांत पोट भरते, ओकारी येते. कधी मलावरोध, तर कधी अनावर जुलाब होतात. माणूस खंगत जातो.

आईबापांपैकी एकात हा दोष असल्यास तो प्रत्येक अपत्यात उतरण्याचा संभव निम्मा असतो. १९९० साली स्वीडनमध्ये यावर प्रथम यकृतारोपण झाले. आता औषधेही आहेत. ती रोगाला थोपवितात, पण झालेली हानी बहुधा भरून काढीत नाहीत. म्हणून पायांना मुंग्या, न थांबणारे जुलाब आणि घरात कोणाला तसेच दुखणे असेल, तर डॉक्टरांना पोटाबरोबर घराण्याचीही हकीकत सांगावी.